जुनी बॅच फाइल दुरुस्त करावी की पॉवरशेलमध्ये नव्याने लिहावी?

नागपूरच्या कळमन्यातल्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या ऑफिसात जुनी बिलं साफ करायला मी बॅच फाइल, म्हणजे विंडोजच्या कमांडची साधी .bat फाइल, लिहून दिली होती. ‘मृग’ आणि ‘मृग जुने’ असे दोन फोल्डर शेजारीशेजारी होते. डेल या पुसायच्या कमांडमध्ये पाथला, म्हणजे फोल्डरच्या पत्त्याला, अवतरणचिन्हं लावायची राहिली आणि सोबत /क्यू होतं, म्हणून विचारणाही झाली नाही. स्पेसवर नाव तुटलं आणि ‘मृग’मधली चालू हंगामाची बिलं उडाली. डेलने पुसलेलं रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. त्या माणसाचा पडलेला चेहरा अजून आठवतो. म्हणून कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो: तुमची स्क्रिप्ट काही पुसते का?

नुसती कॉपी करत असेल, पंधरा-वीस ओळींची असेल, तर दुरुस्तीच करा. प्रत्येक पाथ अवतरणात ठेवा. बाहेरून आलेला पाथ "%~1" असा घ्या, म्हणजे आधीची अवतरणं निघून नवी एकदाच लागतात. सुरुवातीला सीडी /डी "%~डीपी0" (cd /d "%~dp0") लिहा, म्हणजे स्क्रिप्ट आधी स्वतःच्याच फोल्डरात जाते. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं की स्क्रिप्ट विंडोजच्या सिस्टम32 फोल्डरात उभी राहते, ते टळतं. फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरात असेल तर सीडी चालत नाही, तिथे पुशडी (pushd) ही कमांड वापरा. एक खाच मात्र नीट बघा. %~डीपी0 च्या शेवटी बॅकस्लॅश असतो. रोबोकॉपी या कॉपीच्या कमांडला तो "%~डीपी0" असा दिला, तर तो बॅकस्लॅश शेवटचं अवतरणच गिळतो आणि पुढचे सगळे पर्याय पाथला चिकटतात. "%~डीपी0." असा एक टिंब दिला की काम होतं.

फाइलनावांवर लूप फिरत असेल, नावांत & किंवा ! येत असेल, तर बॅचमागे दिवस घालवू नका. डिलेड एक्सपान्शन (व्हेरिएबलची किंमत !नाव! असं लिहून ओळ चालताना घ्यायची सोय) चालू असताना नावातलं ! गायब होतं. पॉवरशेल या विंडोजच्या नव्या कमांड-भाषेत व्हेरिएबलमधला पाथ स्पेसवर तुटत नाही. चौकटी कंसाची नावं असतील तर -लिटरलपाथ (नाव जसंच्या तसं घ्यायचा पर्याय) लावा, बस.

अडचणी तिथेही आहेत. डबल-क्लिकने स्क्रिप्ट चालत नाही, आणि विंडोज 10-11 वर मूळ सेटिंगमध्ये स्क्रिप्टला बंदीच असते. त्यामुळे ती सुरू करायला दोन ओळींची बॅच ठेवलेली बरी. स्क्रिप्टमध्ये देवनागरी नावं असतील तर गोष्ट उलटी होते: विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल 5.1 ला यूटीएफ-8 फाइल बीओएमसह, म्हणजे सुरुवातीला एन्कोडिंगची खूण असलेली, लागते. बॅच फाइलला मात्र बीओएम चालत नाही, पहिलीच ओळ एरर देते. शिवाय तिला यूटीएफ-8 वाचायला लावणारी सीएचसीपी 65001 (chcp 65001) ही ओळही लागते.

आणि स्क्रिप्ट काही पुसत असेल, तर माझं मत ठाम आहे: पॉवरशेल. रिमूव्ह-आयटम या तिथल्या पुसायच्या कमांडला -व्हॉटइफ लावलं की काय जाणार ते नुसतं दाखवतं, फाइलला हात लावत नाही. बॅचमध्ये डेलच्या आधी एको लिहिता येतं, पण त्याने फक्त कमांड दिसते, कोणत्या फाइली जाणार ते दिसत नाही. कळमन्याच्या त्या ऑफिसात आता पॉवरशेलच चालतं, आणि हंगाम संपला की -व्हॉटइफची यादी आम्ही दोघं मिळून वाचतो.