मेंटर टुगेदर: सहा महिने, रात्री नऊचा फोन

‘मेंटी’, म्हणजे मी जिला मार्गदर्शन करते ती मुलगी. हा शब्द आमच्या सासूबाईंना ‘मेंढी’ असा ऐकू आला. बुधवारी रात्री नऊ वाजले की त्या म्हणायच्या, “जा, तुझी मेंढी वाट बघत असेल.”

मेंटर टुगेदर ही बंगळूरची संस्था. अरुंधुती गुप्ता यांनी २००९ मध्ये, विशीत असताना सुरू केलेली. बेताच्या परिस्थितीतल्या तरुण मुलामुलींना नोकरी-धंद्यातलं एकेक माणूस जोडून देतात, त्यासाठी मेंटर टू गो नावाचं अ‍ॅप आहे. फक्त मुलींसाठी नाही, पण माझ्या वाट्याला मुलगी आली. साताऱ्याकडची, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाची.

पहिला महिना मी वाया घालवला. सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढल्यामुळे मला याद्यांशिवाय सुचत नाही. रेझ्युमे, लिंक्डइन, इंग्रजी, एकेक मुद्दा घेत गेले. ती सगळ्याला “हो मॅडम.” त्यात रिलीजच्या गडबडीत माझे दोन फोन राहिले. तिसऱ्या वेळी मागे कुत्री फार भुंकत होती म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की घरात रेंज नसते. भाकऱ्या उरकून ती गच्चीवर येते. त्या दोन्ही बुधवारी पाऊण-पाऊण तास उभी होती. मला फार लाज वाटली.

त्या दिवशी यादी उघडलीच नाही. मग तिनेच विचारलं, “तुम्ही पहिल्या पगारातून काय घेतलं?” आईसाठी कुकर, म्हटलं. शिट्टी तीनदा बदलली, अजून चालू आहे. ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. मॅडमची ताई झाले ती तिथे.

तिला एमबीए करायचं होतं. मी कर्जाचं समजावायला लागले, तर तीच म्हणाली, “ताई, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, प्रवेश मिळाला आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे.” २०२४-२५ पासूनचा सरकारी निर्णय, मला पत्ताच नव्हता. अडत होतं पुण्यातल्या खोलीचं आणि मेसचं. आणि खरं म्हणजे ‘एकटी कशी राहणार’ याचं. पुढचे चार बुधवार आम्ही तिच्या वडिलांशी काय बोलायचं, एवढंच बोललो. मी वडील व्हायचे. वडील फार कडक जमले म्हणे.

मध्येच आमच्या ऑफिसने सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या, पोस्टसाठी तिचा फोटो मागितला. मी दिला नाही.

या सगळ्या अनुभवाला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा मी माझ्यासाठी कापलाय. नाव नोंदवणार असाल तर आठवड्यातला एक तास खरंच मोकळा आहे का ते आधी बघा, आणि वेळ तिला विचारून ठरवा.

वडील अजून पूर्ण तयार नाहीत. एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा, सीईटीचा, फॉर्म मात्र तिने स्वतःच भरला. फोटो किती केबीचा लागतो, एवढंच मला विचारलं.