लंडनचं फ्रीमेसन संग्रहालय: सिंहासन मागाहून, आधी एप्रन

फ्रीमेसन ही गवंड्यांची अवजारं प्रतीकं म्हणून वापरणारी, पायऱ्यापायऱ्यांनी सदस्य वर चढवणारी बंधुसंघटना. ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स हॉलमधल्या तिच्या या संग्रहालयाला प्रवेश फुकट आहे. होबर्न आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन्ही ट्यूब स्टेशनं चालत जाण्याच्या अंतरावर. रविवारी बंद.

आत शिरल्यावर नजर खेचून घेतं ते १७९१ साली वेल्सच्या युवराजासाठी घडवलेलं ग्रँड मास्टरचं, म्हणजे संघटनेच्या सर्वोच्च प्रमुखाचं, अगडबंब सिंहासन. फोटोला ठीक. खरा ऐवज एप्रनच्या कपाटांत आहे. सदस्य सभेत हे एप्रन कमरेला बांधतात. इंग्लंडमध्ये नवशिक्याचा एप्रन कोऱ्या पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा असतो. दुसऱ्या पायरीला खाली दोन आकाशी फुलं येतात. तिसरीला आकाशी किनार, चंदेरी गोंडे आणि वरच्या झडपेवर तिसरं फूल. लॉजचं, म्हणजे शाखेचं, प्रमुखपद भूषवलेल्याच्या एप्रनवर फुलांऐवजी उलट्या ‘टी’च्या आकाराची चिन्हं. एवढं पाठ करून गेलात तर साध्या लॉजच्या एप्रनवरून माणसाची पायरी ओळखता येते. मात्र १८१३च्या आधीचे एप्रन या हिशेबात बसत नाहीत. दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज, म्हणजे लॉजच्या वरच्या मध्यवर्ती संस्था, त्या वर्षी एक झाल्या आणि नमुना ठरला तो त्यानंतर. आधीचे हातानं रंगवलेले, ज्याच्या त्याच्या हौसेचे. तेच जास्त देखणे आहेत.

अवजारं आपल्या गवंड्याच्या पिशवीतलीच: गुण्या, ओळंबा, पाणसळ, छिन्नी. प्रत्येकाला नीतीचा अर्थ चिकटवलेला. चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास, प्रार्थना, काम आणि विसावा यांत वाटलेले.

उगमाची गोष्ट मात्र जपून वाचावी. २४ जून १७१७ रोजी चार लॉजनी ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ या दारूच्या गुत्त्यात पहिली ग्रँड लॉज स्थापली, असं सगळीकडे सांगतात. पण ग्रँड लॉजची इतिवृत्तं सुरू होतात १७२३मध्ये, आणि १७१७चा तपशील येतो तो जेम्स अँडरसन या फ्रीमेसन धर्मोपदेशकाच्या १७३८च्या पुस्तकात. म्हणून काही इतिहासकार १७२१ हे साल धरतात. स्कॉटलंडचा पुरावा त्याहून भक्कम आहे: एडिंबराच्या एका लॉजचं इतिवृत्त १५९९पासूनचं, आणि ते खऱ्याखुऱ्या पाथरवटांचं. प्राचीन इजिप्तशी किंवा बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या मंदिराशी लावलेलं नातं हे विधीतलं कथानक आहे, इतिहास नव्हे.

वास्तू १९२७ ते १९३३मध्ये बांधलेली, पहिल्या महायुद्धात पडलेल्या तीन हजारांवर सदस्यांचं स्मारक म्हणून. ग्रँड टेंपल या मुख्य सभादालनाची काशाची दारं प्रत्येकी सव्वा टनाची, तरी हातानं फिरतात. ते दालन वाटाड्यासोबतच बघता येतं. इथे आजही लॉजच्या सभा भरतात आणि जागा कार्यक्रमांना भाड्यानं दिली जाते, त्यामुळे ऐनवेळी बंद मिळू शकतं. आदल्या दिवशी चौकशी करूनच निघा.