स्क्रॅच, वेब, पी-फाइव्ह की गोडो: इंटरॲक्टिव्ह मल्टिमीडिया कशात शिकायचं?

ॲनिमेशन, ध्वनी आणि व्हिडिओ एकत्र आणून वापरणाऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देणारं काही घडवायचं ठरवलं, की पहिला प्रश्न पडतो तो सॉफ्टवेअरचा. वैशिष्ट्यांच्या याद्या वाचून तो सुटत नाही, कारण सगळं थोडंफार सगळ्यांनाच येतं. फरक दिसतो तो या तिन्ही गोष्टी एकाच क्लिकवर जुळवाव्या लागतात तेव्हा. तिथे खरा प्रश्न एकच असतो: कोणी कोणासाठी थांबायचं?

एक छोटा प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवू. पडद्यावर तळं, काठावर पाच पक्षी, मागे पाण्याचा आवाज. पक्ष्याला स्पर्श केला की तो उडतो आणि शीळ घालतो. पुन्हा स्पर्श केला की त्याचा व्हिडिओ उघडतो आणि तो संपेपर्यंत पाणी गप्प राहतं. हेच चार ठिकाणी करून पाहायचं.

एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं स्क्रॅच मोफत आहे आणि त्यात कोडच्या ओळी लिहाव्या लागत नाहीत, आज्ञांचे ठोकळे जोडायचे असतात. पंखांच्या दोन-तीन स्थिती काढल्या की पक्षी पहिल्याच बैठकीत उडू लागतो. आवाजासाठी इथे दोन ठोकळे आहेत. एक आवाज सुरू करून लगेच पुढच्या कामाला लागतो, दुसरा आवाज संपेपर्यंत थांबतो. चुकीचा निवडला तर शीळ संपेपर्यंत पक्षी जागचा हलत नाही. थांबण्याचा हा हिशेब इतका उघडा मला दुसऱ्या कुठल्याच साधनात दिसलेला नाही, म्हणून मोठ्यांनीही स्क्रॅचला पोरखेळ समजू नये. पण व्हिडिओची फाइल त्यात आणता येत नाही आणि रंगमंच, म्हणजे चित्र दिसतं ती चौकट, ४८० × ३६० बिंदूंचाच असतो. पक्षी उडतील, व्हिडिओ मात्र राहून जाईल.

वेबवर, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये, सुरुवात संथ होते. तीन भाषांची ओळख एकदम करून घ्यावी लागते आणि पहिले काही दिवस पक्षी नुसता चौकोनात बसून राहतो. त्यानंतर मात्र व्हिडिओ लावणं हे सर्वांत सोपं काम ठरतं, कारण ब्राउझरला तो मुळातच कळतो. इथे प्रत्येक माध्यमाची थांबण्याची तऱ्हा वेगळी आहे. व्हिडिओ नेटवर्कसाठी थांबतो. ॲनिमेशन कोणासाठी थांबत नाही. आवाज वापरणाऱ्यासाठी थांबतो: क्रोमने २०१८ पासून आवाजासह आपोआप वाजणारी माध्यमं बहुतांशी अडवली आहेत आणि इतर प्रमुख ब्राउझरही तसंच करतात. पान उघडताच पाण्याचा आवाज येईल अशी कल्पना केली असेल तर ती बदलावी लागते. ‘सुरू करा’ असं बटण ठेवायचं आणि त्या पहिल्या स्पर्शावर आवाज सोडायचा. नवशिक्यांना ही अडचण वाटते, मला ती चांगली शिस्त वाटते.

वेबच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. पक्ष्याला खरंखुरं बटण केलं, तर कीबोर्ड वापरणारा आणि स्क्रीन रीडरवर ऐकणारा माणूसही तो उडवू शकतो. व्हिडिओला उपशीर्षकं जोडण्याची सोय तयारच असते. नुसत्या चित्रफलकावर रंगवलेला पक्षी या लोकांसाठी नसल्यासारखाच असतो.

पी-फाइव्ह ही जावास्क्रिप्टचीच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या प्रोसेसिंग या कोडमधून चित्रं घडवण्याच्या साधनाचा वारसा लॉरेन मॅकार्थी यांनी त्यातून वेबवर आणला. इथे चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने काढलं जातं, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद. इथे कोणीच आपणहून थांबत नाही. पक्षी बसलाय, उडतोय की त्याचा व्हिडिओ चालू आहे, हे तुम्हीच लक्षात ठेवायचं. पाच पक्ष्यांच्या प्रकल्पाला हा खटाटोप जास्तच आहे. पण शिळेच्या चढउतारावर तळ्यातले तरंग हलवायचे असतील, तर हाच रस्ता.

गोडो हे गेम इंजिन, म्हणजे खेळ बनवण्याचं आणि चालवण्याचं सॉफ्टवेअर, २०१४ पासून मुक्तस्रोत आहे आणि मोफत आहे. त्याच्या टाइमलाइनवर पंखांची हालचाल, शीळ आणि पुढची आज्ञा एकाखाली एक मांडता येतात. शीळ दशांश सेकंद पुढे सरकवून लगेच पाहता येतं. ज्यांना चित्राकडून विचार करायची सवय आहे त्यांना हे मानवेल. व्हिडिओत मात्र अडतं. मुळात ऑग थिओरा हाच प्रकार चालतो, त्यामुळे एमपीफोर फाइल आधी बदलून घ्यावी लागते. वेबवर प्रकल्प टाकताना इंजिनाचाही बोजा सोबत जातो, मग पक्षी पाच असोत की पन्नास.

साधन किती टिकेल, हेही पाहायला हवं. फ्लॅश या वेबवरच्या ॲनिमेशनच्या जुन्या साधनावर असंख्य प्रकल्प उभे होते. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर चालवणंच बंद केलं. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलागणिक शुल्काची घोषणा केली आणि वर्षभराने ती मागे घेतली; दरम्यान अनेकांचं नियोजन कोलमडलं. म्हणून कुठेही शिका, पण मूळ ध्वनी, चित्रं आणि व्हिडिओ प्रकल्पाबाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

कोडची एक ओळही लिहिली नसेल, तर स्क्रॅचमध्ये पक्षी उडवून मग वेबकडे या. थोडं कोड येत असेल आणि व्हिडिओ हा प्रकल्पाचा प्राण असेल, तर थेट वेब. आवाजावरून चित्र घडवायची ओढ असेल तर पी-फाइव्ह घ्या, वेबची पायाभरणी त्यातही होतेच. गोडो तेव्हा निवडा, जेव्हा पक्ष्यांभोवती फिरता येईल असं जग हवं असेल आणि व्हिडिओ दुय्यम असेल. दोन पर्यायांत अडकलात तर त्या दोन्हींत एकच पक्षी, एकच शीळ आणि एकच व्हिडिओ जुळवून पाहा, आणि फोनवरही उघडा.