सायक्लोक्रॉसच्या सायकलला ब्रेक कोणते? तीन हिवाळ्यांचा अनुभव

गेल्या रविवारी मागच्या ब्रेकचे पॅड बदलले. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याशी बसवलेल्या चकतीला, म्हणजे रोटरला, दोन पॅडनी दाबणारे) घेऊन चौदा महिने झाले, सायकल ४,००० किलोमीटरच्या वर चालली आणि मागच्या चाकाचा हा पाचवा जोड. पुढच्याचा तिसरा. आता खात्रीने काही सांगता येईल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय. त्याआधीचे दोन हिवाळे रिमवर, म्हणजे चाकाच्या कड्यावर, घासणारे ब्रेक वापरले, तेही सांगतो.

सायकल कुठे चालते हे आधी सांगायला हवं, कारण ब्रेकची निवड त्यावरच ठरते. मी आइंडहोवनला राहतो. नेदरलँड्स-बेल्जियमच्या या पट्ट्यात सप्टेंबर ते फेब्रुवारी सायक्लोक्रॉसचा (रस्त्याबाहेरच्या सायकल शर्यतींचा) हंगाम असतो. अडीच ते साडेतीन किलोमीटरची फेरी. गवत, चिखल, वाळू. मध्ये ४० सेंटिमीटर उंचीच्या फळ्या, तिथे उतरायचं आणि सायकल उचलून पलीकडे जायचं. मी क्लबच्या हौशी गटात रविवारी सकाळी चाळीस मिनिटांची शर्यत करतो. एरवी हीच सायकल ऑफिसला जाते.

आणि सायकल एकच आहे. हा मुद्दा मला पहिल्या वर्षी कोणी सांगितला नव्हता. डिसेंबरात बेल्जियममधल्या हेउस्डन-झोल्डरची शर्यत पाहायला गेलो तेव्हा अर्धा तास पिटच्या, म्हणजे सायकल बदलायच्या जागेच्या, कुंपणापाशीच उभा होतो. चिखल असला की मोठे खेळाडू अर्ध्या फेरीनंतर सायकल टाकतात, दुसरी स्वच्छ सायकल घेतात आणि मदतनीस पहिली धुवायला घेतात. त्यांचे ब्रेक प्रत्येक वेळी धुतलेले असतात. माझ्या ब्रेकवर पहिल्या फेरीचा चिखल शेवटच्या फेरीपर्यंत तसाच. म्हणून मी प्रत्येक ब्रेकला एकच प्रश्न विचारत आलो: पहिल्या फेरीत लीव्हर जसा लागतो, तसाच शेवटच्या फेरीत लागतो का?

पहिली सायकल जुनी घेतली होती, ॲल्युमिनियमची, कँटिलिव्हर ब्रेकची (दोन बाजूंच्या दोन भुजा केबलने ओढून रबर रिमवर दाबणारे). यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने सायक्लोक्रॉसमध्ये डिस्क ब्रेकला २०१० मध्ये परवानगी दिली. तोवर शर्यतीत कँटिलिव्हरच चालायचे, आणि त्याला कारणही होतं. त्यांच्या भुजा टायरपासून लांब राहतात, चिखल अडकत नाही, चाक फिरत राहतं. चिखलात चाक फिरत राहणं हे थांबण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पण थांबण्याचं काय? ओल्या रिमवर ब्रेक दाबला की चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसण्यात जातात. मग अचानक पकड येते. वळणाआधी दहा फुटांवर दाबायचा ब्रेक पंचवीस फुटांवर दाबावा लागतो आणि तेवढ्यात दोघं पुढे निघून जातात. दोन्ही भुजांना जोडणारी आडवी तार खाली घेतली की जोर वाढतो, पण मग रबर रिमच्या अगदी जवळ ठेवावे लागतात आणि चिखलाला जागा उरत नाही. मी कितीतरी संध्याकाळी ती तार पाच मिलिमीटर वर, पाच मिलिमीटर खाली करण्यात घालवल्या. लाल-नारिंगी छटेचे, ओल्यासाठीचे रबर घातल्यावर मात्र खरा फरक पडला. कँटिलिव्हर वापरणाऱ्याने पहिला खर्च तोच करावा.

दुसरा त्रास पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) थरथरण्याचा. ही गोष्ट अनेकांना कळत नाही आणि ते फोर्कला किंवा हेडसेटला (फोर्क फ्रेममध्ये ज्यावर फिरतो त्या बेअरिंगला) दोष देतात. केबलचं आवरण जिथे अडतं तो हँगर वर हेडसेटपाशी असतो आणि ब्रेक खाली फोर्कवर. ब्रेक लागला की फोर्क किंचित मागे वाकतो, हँगर आणि ब्रेक यांतलं अंतर वाढतं, केबल आपोआप ताणली जाते, ब्रेक आणखी घट्ट लागतो. मग रबर सुटतं, फोर्क सरळ होतो, परत लागतं. सेकंदात कितीतरी वेळा. हातात हँडल अक्षरशः तडतडतं. उपाय स्वस्त आहे: फोर्कच्या खांद्यावर बसणारा छोटा हँगर. केबलचा तो मोकळा तुकडा आखूड होतो आणि थरथर थांबते. माझी थांबली.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याच सायकलला मिनी-व्ही, म्हणजे आखूड भुजांचे व्ही-ब्रेक, लावले. यांच्याबद्दल थोडक्यात. जोर भरपूर, थरथर नाही, रोड सायकलच्या लीव्हरवर नीट चालतात कारण भुजा आखूड असतात, ८०-९० मिलिमीटरच्या. पण रबर आणि रिम यांत जेमतेम दीड मिलिमीटर जागा. नोव्हेंबरात ओली पानं आणि चिखल यांचा गोळा तिथे बसला की चाक जाम. एका शर्यतीत दोनदा उतरून बोटांनी तो गोळा काढला. कोरड्या रस्त्यावर, ऑफिसला जायला, हे ब्रेक उत्तम आहेत. चिखलात मी ते कोणालाही सुचवणार नाही.

त्याच वर्षी रिमही गेली. इथल्या मातीत बारीक वाळू असते. ती रबरात रुतते आणि रिम सहाणेसारखी घासली जाते. रिमच्या बाजूला पट्टी टेकवली तर मध्ये उजेड दिसत होता, इतकी ती आत गेली होती. रिम ब्रेकचा हा खर्च दुकानात कोणी मोजून सांगत नाही.

मग डिस्क. ज्या फ्रेमला डिस्कची जागा नाही तिला डिस्क बसवता येत नाहीत. फ्रेम, फोर्क, चाकं, सगळंच बदलतं. मी वापरलेली पण चांगली फ्रेम घेतली आणि जुने लीव्हर, गिअर तसेच उचलून तिच्यावर घातले. म्हणजे केबलने चालणारे डिस्क आले.

सुरुवातीला सायकलसोबत आलेले कॅलिपर (पॅड धरून रोटरवर दाबणारा भाग) एका बाजूने दाबणारे होते. त्यांत बाहेरचा पॅड सरकतो, रोटरला वाकवून आतल्या स्थिर पॅडवर टेकवतो. पॅड झिजले की दोन्ही बाजू वेगवेगळ्या जुळवाव्या लागतात. ते दीड महिना वापरून बदलले आणि दोन्ही बाजूंनी दाबणारे घेतले. टीआरपी कंपनीचा स्पायर याच पद्धतीने चालतो. असे आणखीही मिळतात. दोन्ही पॅड सारखे झिजतात, रोटर वाकत नाही आणि लीव्हरचा स्पर्श बराच स्वच्छ होतो.

तरी पहिल्या आठवड्यात मी निराश होतो. लीव्हर दाबला की स्पंजसारखा आत जायचा. क्लबमधले एक वयस्कर गृहस्थ, जे चाळीस वर्षं ही शर्यत करत आलेत, त्यांनी सायकल हातात घेतली, मागचा लीव्हर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने केबलचं बाहेरचं आवरण दाखवलं. ते प्रत्येक वळणावर फुगून हलत होतं. माझा अर्धा जोर ते आवरण दाबण्यातच जात होता. न दबणारं आवरण, म्हणजे हाउसिंग, मिळतं, ज्यात तारा गोल गुंडाळलेल्या नसून लांबीच्या दिशेने सरळ असतात. ते घातलं आणि तोच कॅलिपर वेगळाच वाटू लागला. केबलचे डिस्क वाईट म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हे हाउसिंग घातलेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आता पॅड. सर्वांत जास्त मी इथेच शिकलो. डिसेंबरातली एक शर्यत, रात्रभर पाऊस, वाळूमिश्रित चिखल. आदल्या दिवशी नवे रेझिन (राळेच्या मसाल्याचे, मऊ) पॅड घातले होते, रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा ब्रेक मारून नीट बसवलेही होते. चौथ्या फेरीत लीव्हर निम्मा आत जाऊ लागला. सहाव्या फेरीत हँडलला टेकला. उतारावर पाय लावून थांबलो. घरी येऊन पॅड काढले तर मागच्या पत्र्यावर मसाला नखाच्या जाडीइतकाही उरला नव्हता. एका कोपऱ्यात पत्राच रोटरवर घासून चकाकत होता. कॅलिपरमधून राखाडी, रवाळ पाणी टपकत होतं, दोन बोटांत चोळलं की पॉलिश पेपरसारखं लागायचं. एका सकाळीत अख्खा जोड संपला होता.

तेव्हापासून चिखलात फक्त धातूमिश्रित, सिंटर्ड पॅड. ओले झाले की किंचाळतात, पहिला चावा थोडा कमी असतो, पण टिकतात. घेण्याआधी रोटरवर काय छापलंय ते वाचा: काही रोटर फक्त रेझिन पॅडसाठीच असतात, त्यांवर धातूचे घालू नयेत. दुसरं असं की केबलच्या डिस्कमध्ये पॅड झिजले तर ब्रेक आपोआप जुळत नाही. म्हणून हँडलजवळ, केबलच्या मध्ये, हाताने फिरवायचा ॲडजस्टर बसवला. शर्यत चालू असताना सरळ पट्ट्यात दोन फिरक्या दिल्या की लीव्हर पुन्हा जागेवर येतो. किरकोळ किमतीच्या या तुकड्याने माझ्या दोन शर्यती वाचवल्या.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबाने चालणारे, का नाहीत? ऑफिसमधल्या एका मराठी मित्राची सायकल महिनाभर वापरली. त्या ब्रेकला तोड नाही. एका बोटाने थांबते, पॅड झिजले तर पिस्टन आपोआप पुढे सरकतात, म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे तयारच मिळतं. २०१३ च्या डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत सील निकामी होऊ लागल्याने स्रॅम या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीने तेव्हाचे रोड हायड्रॉलिक ब्रेक परत मागवले होते, आणि इथले जुने लोक अजून ती आठवण काढतात. पण त्या कारणावरून आज कोणी मागे राहू नये. माझं कारण पैशांचं आहे. हायड्रॉलिकला लीव्हरच बदलावे लागतात, आणि त्यांची किंमत माझ्या अर्ध्या सायकलइतकी होती. नवी सायकल घेत असाल तर हायड्रॉलिकच घ्या. हातात चांगले केबलचे लीव्हर असतील तर मी केलं तेच करा.

केबलचा एक फायदा पुण्याला कळला. जुलैमध्ये सुट्टीला जाताना सायकल सोबत नेली. चाकं काढली, रोटरचे सहा-सहा स्क्रू काढून रोटर कपड्यांत गुंडाळले. रोटर चाकावर ठेवून विमानात टाकू नका, वाकतात. पोहोचल्यावर अर्ध्या तासात जोडणी झाली. तेलात हवा शिरण्याची चिंता नाही, आणि केबल तुटली तर कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते.

एका पहाटे पावसात सिंहगडावर गेलो. उतरताना पहिल्यांदाच या ब्रेकची वेगळी परीक्षा झाली, कारण आइंडहोवनजवळ घाट नाही. आधी मी ब्रेक सतत हलका धरून उतरत होतो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत जळका वास आला. मग पद्धत बदलली: वळणाआधी दोन्ही जोरात दाबायचे, वळणात सोडायचे, रोटरला वारा लागू द्यायचा. खाली येईपर्यंत लीव्हर वर होता तसाच होता. कँटिलिव्हरवर त्या ओल्या उतारावर जायची माझी हिंमत झाली नसती. आई गेटपाशी वाट बघत होती, तिला मात्र तो किंचाळण्याचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू आला.

देखभालीत दोनच गोष्टी कटाक्षाने पाळतो. साखळीला तेल देताना मागच्या रोटरवर कापड धरतो, कारण तेलाचा एक थेंब पॅडमध्ये मुरला की ते फेकावेच लागतात. आणि शर्यतीनंतर जोरदार पाण्याचा फवारा हबवर किंवा कॅलिपरवर थेट मारत नाही.

काल रोटरची जाडी मोजली. नवे असताना १.८ मिलिमीटर होते, पुढचा १.७ आहे, मागचा १.६. १.५ ला बदलायचे असतात. मागचा सप्टेंबरपर्यंत पोहोचेल असं दिसत नाही, म्हणून १४० मिलिमीटर व्यासाचा एक मागवून ठेवलाय.