डेकच्या ताज्या रंगाखाली

१९७०च्या दशकात बांधलेली २८ फुटी, फायबरग्लासची शिडाची होडी मी घरच्या घरी दुरुस्त करण्यासाठी विकत घेतली. डेकचे काम इपॉक्सी रेझिनने (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने) पूर्ण झाले आहे आणि डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा व चेनप्लेट (त्या तारा होडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) नुकत्याच बदलल्या आहेत, असे विक्रेत्याने सांगितले होते. रंग ताजा होता, पितळ चकाकत होते, आणि मी भुललो.

पहिला क्लीट (दोर बांधायची खुंटी) काढताच त्याच्या बोल्टच्या भोकांतून तपकिरी पाणी ठिबकू लागले. या काळातल्या अनेक होड्यांचा डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बसवलेले बल्सा लाकूड असते. भोकांची सीलबंदी सैल झाली की पाणी त्या लाकडात शिरते आणि बाहेर पडायला त्याला वाट उरत नाही. वरचा थर कापला तेव्हा आतले लाकूड चहाच्या चोथ्यासारखे हाताला लागले. विक्रेत्याने खालच्या बाजूने लहान भोके पाडून त्या ओल्या लाकडातच रेझिन टोचले होते. ओल्या लाकडाला इपॉक्सी नीट चिकटत नाही, त्यामुळे प्रत्येक भोकाभोवती नाण्याएवढी एक कडक चकती तयार झाली होती आणि मधले सगळे कुजलेलेच राहिले होते. वरून भोके लपवायला जाड, खरबरीत रंग होताच. होडी दाखवताना त्याने शिडांच्या घड्या नेमक्या डोलकाठीपुढच्या मऊ जागी रचून ठेवल्या होत्या, हे मला फार उशिरा आठवले.

चेनप्लेटची गोष्ट याहून धोक्याची होती. डेकच्या वर दिसणारा भाग पॉलिश केलेला होता, परंतु डेकच्या आत, जिथे ओल असते आणि हवा पोहोचत नाही, तिथे स्टेनलेस स्टीललाही गंज चढतो. त्या भागात एका पट्टीला आरपार तडा गेला होता. जोराच्या वाऱ्यात ती तुटली असती, तर डोलकाठीच कोसळली असती.

तपासणी मी करून घेतली नव्हती असे नाही. सर्व्हेअर विक्रेत्यानेच सुचवला होता, आणि त्याच्या अहवालात डेकची स्थिती 'समाधानकारक' एवढाच शेरा होता. प्लॅस्टिकच्या हातोडीने डेक वाजवून पाहिला असता, तर निरोगी जागी टणक आणि कुजक्या जागी बद्द आवाज आला असता. हे काम मला स्वतःलाही दहा मिनिटांत करता आले असते. फक्त आर्द्रतामापकावर विसंबू नये, कारण धातूजवळ आणि काही रंगांवर तो चुकीचे आकडे दाखवतो. एक-दोन फिटिंग्ज उघडून भोकात डोकावण्याची परवानगी मागावी; ती नाकारली गेली, तर तेवढ्यावरच व्यवहार थांबवावा. तारा बदलल्याचे सांगितले जात असेल, तर रिगरची (डोलकाठी व तारा बसवणाऱ्या कारागिराची) पावती पाहावी, कारण त्या साधारण १० ते १५ वर्षांत बदलाव्या लागतात आणि हा खर्च मोठा असतो. मला दाखवलेल्या पावतीवर होडीचे नावच नव्हते.

करारात 'आहे त्या स्थितीत' असे लिहिलेले असल्याने दाद मागण्याचा मार्ग अरुंद झाला. सध्या डेकच्या डाव्या बाजूचा कुजका बल्सा खरवडून काढला आहे, आणि आतला भाग पूर्ण वाळेपर्यंत नवे लाकूड बसवण्याचे काम थांबले आहे.