ट्रकची धुलाई: सेंटरवर, यार्डात की स्वतःच्या रॅम्पवर?

कळंबोली, तुर्भे, उरण पट्ट्यात दहा-वीस गाड्या चालवणारे बरेच मालक धुलाई ड्रायव्हरवर सोडून देतात. त्याला वेळ मिळाला आणि वाटेत वॉशिंग सेंटर लागलं, तर गाडी धुतली जाते. केबिन चकाचक, चेसिस मात्र महिनोन्महिने तशीच. न्हावा-शेवाला ये-जा करणाऱ्या गाड्यांना हे फार महागात पडतं. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) फटीत आणि क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्ट्यांच्या, कोपऱ्यात बसलेला चिखल ओल धरून ठेवतो, त्यात खाडीकाठची खारी हवा. गंज डोळ्यांना दिसतो तेव्हा वेल्डिंगची वेळ आलेली असते.

धुलाईचं वेळापत्रक ठरवताना तिचे आधी दोन भाग करा: वरची आणि खालची. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच दिवशी करायचा हट्ट धरला की कोणताच पर्याय पुरता जमत नाही.

खालच्या धुलाईसाठी सेंटरला तोड नाही. गाडी रॅम्पवर चढते, माणूस खाली उभा राहून पाटे, एक्सल, प्रोपेलर शाफ्ट नीट धुतो आणि तिथेच ग्रीसिंगही होतं. ग्रीसिंग धुलाईनंतरच हवं, कारण प्रेशरच्या पाण्याने सांध्यांतलं जुनं ग्रीस निघतं आणि आत पाणी शिरतं. सेंटरची खरी किंमत मात्र पावतीवर नसते. जाण्या-येण्याचं डिझेल, रांगेतला वेळ, हुकलेली खेप हे सगळं मिळवून हिशेब करा. गाडी भिवंडीची आणि सेंटर ठाणे शहराच्या पलीकडे असेल, तर अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा सांभाळण्यातच अर्धा दिवस जातो.

सेंटरवाल्याला दर विचारण्याआधी पाणी कुठलं ते विचारा. खाडीलगतच्या बोअरचं पाणी अनेक ठिकाणी मचूळ असतं. त्याने चेसिस धुणं म्हणजे पैसे देऊन मीठ लावून घेणं. निदान शेवटचं पाणी तरी गोडं हवं.

यार्डात टीम बोलावण्याचा फायदा सरळ आहे: गाडी उभी असते तेव्हाच धुतली जाते. रविवारी किंवा रात्री दहा गाड्या ओळीने होतात, खेप बुडत नाही. मिनिटाला 15 लिटर टाकणारा पंप एका गाडीवर 20 मिनिटं चालला, तर 300 लिटर पाणी लागतं. म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरमध्ये 30 गाड्या आरामात बसतात. पण रॅम्प नसल्याने खालून फक्त बाजूने फवारा बसतो, मधला भाग कोरडाच राहतो. आणि पाणी जातं कुठे? इथले पावसाळी नाले शेवटी खाडीला मिळतात. 2022 पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) असलेल्या, फ्लेमिंगोंच्या ठाणे खाडीत आपल्या गाड्यांचं ऑइल जाऊ नये, एवढी काळजी आपणच घ्यायला हवी. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यालाही हे चालत नाही. काँक्रीटची जमीन, उतार आणि तेल अडवणारा हौद नसेल, तर यार्डात केबिन-बॉडी साध्या शाम्पूने धुवा, इंजिन आणि चेसिसला हात लावू नका. यार्ड भाड्याचं असेल तर जागामालकाची लेखी परवानगी आधी घ्या.

स्वतःचा रॅम्प तीस-चाळीस गाड्यांच्या खाली मला पटत नाही. जागा, पाणी, गाळाचा हौद, प्रदूषण मंडळाची संमती, शिवाय रोजचा एक माणूस. रॅम्प रिकामा पडला तरी यातलं काही थांबत नाही.

म्हणून दहा ते पंचवीस गाड्यांसाठी माझी पसंती अशी: वरची धुलाई दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला यार्डात, खालची महिन्यातून एकदा ठरलेल्या सेंटरवर, ग्रीसिंगसकट. ही तारीख सर्व्हिसिंगच्या वहीतच लिहा, वेगळी वही कोणी उघडत नाही. महिना हा सर्वसाधारण हिशेब झाला. खाणीवर किंवा बांधकामावर जाणाऱ्या डंपरचा हिशेब खेपांवर धरा. वाशी मार्केटला फळं-भाजी नेणाऱ्या गाडीचा हौदा प्रत्येक खेपेनंतर आतून धुवा आणि वाळू द्या. सिमेंटच्या गाडीवरची भुकटी आधी कोरडी झाडा, पाणी पडलं की ती दगड होते. तळोज्याच्या केमिकल टँकरचं आतलं क्लीनिंग हे वेगळं, जोखमीचं काम आहे. ते धुलाईवाल्याशी केलेल्या करारात कधीच घालू नका.

पावसाळ्यात ‘धुऊन काय उपयोग, उद्या परत चिखल’ म्हणून सगळंच थांबवलं जातं. केबिनचं एक वेळ ठीक, पण चेसिसची धुलाई जून ते सप्टेंबर याच काळात चुकवू नये. गणपतीआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा खालून कसून धुऊन घ्या, दुसऱ्या वेळी गंजरोधक रंगाचा हातही मारा.

कराराच्या कागदावर चार गोष्टी असू द्या. चेसिसवर डिझेल मारायचं नाही. त्याने रबरी बुश आणि पाइप खराब होतात, धूळही चिकटते. बीएस-6 गाड्यांचे सेन्सर, वायरिंगचे जोड आणि एअर इनटेकवर थेट प्रेशर नको. नंबर प्लेट आणि रिफ्लेक्टर टेप हाताने पुसायच्या. आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी ड्रायव्हरने यार्डातच हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहायचे, कारण ओले लायनर पहिल्या दाबाला धरत नाहीत.