फायर ऑडिटवाला आला आणि स्टिकर चिकटवून गेला

जानेवारी-जुलै आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या गेटवर ही मंडळी दिसू लागतात. खाकी शर्ट, गळ्यात लाल पट्ट्याचं ओळखपत्र, हातात फाइल. "फायरकडून आलोय" एवढंच म्हणतात. फायर ब्रिगेडकडून, असं तोंडाने कधीच म्हणत नाहीत, ते आपण समजून घ्यायचं.

धायरीतल्या आमच्या सात मजली इमारतीत असाच एक जण जानेवारीत आला. कायदा तोंडपाठ. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन दलाला द्यावा लागतो, असं त्याने सांगितलं. हे अगदी खरं आहे आणि म्हणूनच तो खपला. सेक्रेटरींना म्हणाला, "काका, नाही दिलात तर पाणी-लाईट तोडायचा अधिकार आहे त्यांना." तेही खरंच. रोख पैसे घेतले, आग विझवायचे सगळे सिलिंडर टेम्पोत घालून 'रिफिलिंग'ला नेले आणि संध्याकाळी परत आणले. नवं स्टिकर, नवी तारीख, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात.

पावसाळ्यात मीटर रूममधली केबल धुमसायला लागली. वॉचमनमामांनी सिलिंडरची पिन ओढून दांडा दाबला. नुसतं फुस्स. मेन स्विच पाडला, वाळूच्या लाल बादल्या रित्या केल्या, म्हणून निभावलं.

मग परवानाधारक एजन्सीचा माणूस बोलावला. त्याने सिलिंडर उघडला तर आत पावडरचा दगड झालेला. त्याने सांगितलं की काटा फक्त दाब दाखवतो, पावडर दाखवत नाही. जुनी पावडर तशीच ठेवून कॉम्प्रेसरची दमट हवा भरली तरी काटा हिरव्यातच येतो आणि त्या ओलाव्याने पावडर आणखी घट्ट होते. भरायचा असतो कोरडा नायट्रोजन. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाच नसतो, तो वजन करूनच तपासायचा.

नंतर त्या पहिल्या माणसाने दिलेला फॉर्म बी नीट वाचला. 'तळघरातील स्प्रिंकलर कार्यरत,' म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणारी यंत्रणा चालू. आमच्या इमारतीला तळघरच नाही! 'बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे,' असंही लिहिलंय. हा गृहस्थ पहिल्या मजल्याच्या वर गेलाच नव्हता. गच्चीच्या दाराला कुलूप होतं, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जिन्याखाली चार स्कूटर. आगीच्या पाइपच्या पेटीतलं, म्हणजे होज बॉक्समधलं पितळी नोझलही गायब. ते त्याने नेलं की आधीच गेलं होतं, देव जाणे.

परवानाधारक एजन्सींची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संकेतस्थळावर मिळते. परवाना क्रमांक आणि मुदत तिथे जुळवून मगच आत घ्या. सिलिंडर नेण्याआधी प्रत्येकावरचा नंबर लिहून फोटो काढा, कारण चांगले ठेवून रंगवलेले जुने परत आणणारेही आहेत. परत आल्यावर किराणावाल्याच्या काट्यावर वजन करा. आणि हायड्रंटचा, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या नळाचा, व्हॉल्व्ह समोर उघडून पाणी दाखवल्याशिवाय सही नको.

पोलीस चौकीत अर्ज दिलाय, त्याचा फोन बंद आहे. नऱ्ह्यातल्या एका सोसायटीकडेही त्याच सहीचा फॉर्म निघाला, फक्त एजन्सीचं नाव वेगळं. स्प्रिंकलरची ओळ तीच. तळघर त्यांच्याकडेही नाही.